ड्रॅगनवरून माहेर

अहमदपूरच्या बसस्टँडवर आरती लातूरच्या गाडीची वाट बघत बसली होती. मांडीवर ड्रॅगनांच्या राज्याची जाडजूड कादंबरी उघडी होती. या गावात असलं वेड आपल्या एकटीलाच आहे, असं तिला वाटायचं. तेवढ्यात पाठीमागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं भांडायला लागलं.

“गुणा, घरी चल. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी मुरुडला माहेरी जातंय का?”

“एवढीशी? राणीचं ड्रॅगन इकून टाकावं म्हणलात तुम्ही!”

“मालिका बघता बघता सहज म्हणलो. रोज दोन म्हशी खातंय ते. देवणीच्या बाजारात लई गिऱ्हाईक मिळालं असतं.”

“लेकरावानी वाढवलंय तिनं त्याला.”

“दूध देत न्हाई, औताला चालत न्हाई. काय करायचं ठेवून?”

“म्या बी आता कामाची राहिले न्हाई. मला बी न्या बाजारात.”

लातूरची गाडी लागली. आरती जागची हलली नाही.

“काय बी बोलतीस बघ.”

“माझ्या माघारी पुढचा भाग बघितला का?”

“लावला व्हता. बंद केला.”

“का?”

“त्याच्या पंखात बाण घुसला. मला बघवंना.”

“कोणत्या पंखात?”

“डाव्या.”

“आन् तुम्ही त्याला तसंच टाकून हितं आलात?” गुणाबाईनं पिशवी काखेत मारली. “उठा, आधी घरी चला!”