चावेंगला सूर्य मावळत नाही

—छे गं, परत कशाला येतेस, आली आहेस तर बस. चकलीचे दोनच घाणे राहिलेत, करंज्या केव्हाच डब्यात भरल्यात. ती खुर्ची ओढ. तिकडे नको, इथे माझ्यासमोर बस. आश्लेषा ना तू? हां, मंडळाच्या लिस्टमध्ये वाचलंय मी, आश्लेषा आणि संग्राम, पुण्याचे, दोन वर्षं झाली इथे अमेरिकेत, चँडलरला येऊन. तर बारा तारखेला निघताय म्हणालीस फोनवर. थायलंडला, म्हणून यंदा मंडळाच्या दिवाळीला नाही, म्हणून फराळ आधी हवा—आणि कुठे म्हणालीस, समुई? की मीच तसं ऐकलं? नाही, विचारते अशासाठी की हल्ली मला जिथेतिथे समुईच ऐकू येतं, परवा ग्रोसरीत एक बाई समोसा म्हणाली तरी मी वळून पाहिलं. —समुईच? खरं ना? थांब, गॅस बारीक करते.

तुला सांगते, त्या बेटावर मी पाऊल ठेवलेलं नाही, पण डोळे बांधून सोडा मला तिथे, पायाखालच्या वाळूवरून सांगेन कुठे आहे ते. चावेंगची वाळू पांढरी, मैद्यासारखी, आणि गर्दी ही, गाणीबिणी, खुर्च्यांच्या रांगा. लमाईला दोन खडक आहेत, आजोबा आणि आजी म्हणतात त्यांना, आणि लोक तिथे फोटो काढताना हसतात का ते मी सांगणार नाही, तूच जाऊन बघ. पश्चिमेला लिपा नोई—तिथे चालत जा, चालत जा, पाणी आपलं गुडघ्याएवढंच, लहान मुलांना बरं. आणि उत्तरेला मेनाम. मेनामची वाळू जाडसर, भगरीसारखी, पायाला टोचते म्हणून लोक तिथे कमी जातात. मला मेनामचंच बोलायचंय तुझ्याशी. —कसं म्हणजे काय, माझा मुलगा आहे ना तिथे. निमिष. एकतीस पूर्ण. हौस गं, फिरायची हौस, काम काय कुठूनही करता येतं हल्लीच्या मुलांना, लॅपटॉप उघडला की झालं. फोन? करतो की. म्हणजे तिथे रेंज नसते—आता समुईला रेंज नसायला काय झालं, विमानतळ आहे तिथे. नाही करत फोन. मार्चच्या शेवटापासून काहीच नाही. एवढं तोंडातून गेलंच आहे तर ऐक.

हा बघ व्हिडिओ. थांब, फोन पुसते, तेलकट झालाय. कुणी कोरियन नवरा-बायको आहेत, जेवणाचे व्हिडिओ टाकतात, हा तीन आठवड्यांपूर्वीचा. मेनामचं साधंसं खोपटं, चार टेबलं. त्यांच्या मागे बघ, डाव्या कोपऱ्यात—आता—बघितलंस? तो हात. कांदा टेबलावर ठेवला आणि मुठीने फोडला. थाई माणूस असा कांदा खातो का? अमेरिकन खाईल? रवींद्र, म्हणजे आमचे हे, निमिषच्या लहानपणी जेवायला बसले की त्याला दाखवायचे, सुरी लावली की कांदा रागावतो रे, बुक्की मार—आणि हा चार वर्षांचा, दोन्ही हातांनी बुक्की मारायचा, कांदा पळायचा टेबलाखाली. चेहरा नाही दिसत, माहीत आहे मला. हे म्हणतात, अगं बारा कोटी माणसं कांदा असा फोडतात. असतील. पण त्यातली मेनामला किती? मला एवढंच हवंय तुझ्याकडून, एक सकाळ. तुमचं हॉटेल कुठेही असो, टॅक्सीने फार तर अर्धा तास. त्या खोपट्यात जा, निमिषचा हा फोटो दाखव. भेटला तर माझं नाव लगेच नको सांगूस—नाही, सांग. काय सांगशील? थांब, मी लिहूनच ठेवलं होतं, पण आता ते वाचलं की मलाच खोटं वाटतं.

मी का जात नाही? सगळे हेच विचारतील, म्हणजे विचारतील जर मी कुणाला सांगितलं तर. मी गेले आणि मला बघून तो आणखी पुढे गेला तर? समुई तरी मला पाठ आहे, पुढच्या बेटांची नावंही येत नाहीत मला. एम्बसीत फोन केला, त्या बाईने गोड आवाजात सांगितलं, ही इज ॲन ॲडल्ट, मॅम. म्हणजे तो हरवलेला नाही. त्याला सापडायचं नाही, एवढंच. आणि का सापडायचं नाही हे मला माहीत आहे आणि ह्यांना माहीत आहे, म्हणून हे माझ्याशी जेवायच्या वेळेपुरतं बोलतात.

गेल्या नोव्हेंबरात त्याचा लेऑफ झाला. चिप बनवायच्या फॅबमध्ये होता, सहा वर्षं. अपार्टमेंट सोडलं, गादी गाडीवर बांधून घरी आला, मी म्हटलं राहा की, तुझंच घर आहे. म्हटलं गं मी, मनापासून म्हटलं. पण कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दोन महिन्यांत दुसरी नोकरी लागेल, मग कशाला चारचौघांत. दोन महिने गेले, संक्रांत आली, आणि माझं हळदीकुंकू दर वर्षी असतं, बावीस बायका, ते कसं टाळणार? मी त्याला म्हटलं, तू वर थांब हं, दोनच तास. त्याची गाडीसुद्धा ह्यांना लायब्ररीपाशी लावून यायला सांगितली. तो ओके म्हणाला आणि वर गेला.

आणि कुणीतरी विचारणारच. मंजुषाने विचारलं, निमिष दिसला नाही बऱ्याच दिवसांत? माझ्या हातात अत्तरदाणी होती. समोर टीव्हीवर तो स्क्रीनसेव्हर, निळं पाणी, माड, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव—चावेंग बीच, कोह समुई, थायलंड. मी म्हटलं, अगं तो समुईला गेलाय. थायलंड. महिनाभर. झालं, सगळ्या गोळा झाल्या, कसं आहे, कुठला बीच, एकटाच गेलाय की कुणी आहे—आणि मी सांगत सुटले. आश्लेषा, मला इतकं छान खोटं बोलता येतं हे मला साठाव्या वर्षी कळलं. म्हटलं, रोज नवा किनारा बघतो. म्हटलं, चावेंगहून रोज सूर्यास्ताचे फोटो पाठवतो. शुभा म्हणाली, नशीबवान आहे पोरगा. मी म्हटलं, हो ना. दोन तासांचे चार झाले, बायका उठेचनात. या घरांना व्हेंट असतात ना एसीचे, खालचं अक्षर न् अक्षर वरच्या खोलीत ऐकू जातं. मला ते माहीत होतं. वीस वर्षं राहतेय इथे, माहीत नसायला काय झालं.

रात्री वर गेले तर बाथरूममधून वास येत होता. चार तास त्याने फ्लश केला नव्हता. खाली आवाज जाईल म्हणून. मोठा पोरगा, सहा फूट, लहानपणी टॉयलेटमधून ओरडून सांगायचा आई झालं म्हणून, तो चार तास—आणि मी त्याला वर जेवायलाही नेऊन दिलं नव्हतं, तिळगूळ वाटत होते मी. दार उघडून बाहेर आला, हसला, आणि म्हणाला, सो, हाऊज द वेदर इन समुई? मी पण हसले. तुला सांगते ना, मी हसले. तेव्हा रडायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या सातला सकाळी उठले तर गादी गुंडाळून उभी. फोनवर मेसेज. आय ॲम व्हेअर यू सेड आय वॉज. तू म्हणालीस तिथेच आहे मी. माझी आई म्हणायची घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मला वाटायचं ते तिकडच्या घरांचं. चँडलरच्या लाकडाच्या घरालाही मराठी कळतं हे कुणाला माहीत? मार्चअखेरपर्यंत फोटो पाठवले त्याने. नुसती वाळू. रोज एका किनाऱ्याची वाळू, खाली काही न लिहिता. म्हणून तर मला ओळखता येते. मग तेही बंद झालं. आणि मी काय केलं ठाऊक आहे? ते फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकले. बायकांनी हार्ट पाठवले. अजूनही विचारतात कसा आहे, मी म्हणते मजेत. तू पहिली आहेस जिला मी—

असो. तुमचं हॉटेल कुठे आहे ते सांग, म्हणजे मी टॅक्सीचं बघून ठेवते. चावेंगला? बरं. काय म्हणालीस? खोलीतून सूर्यास्त दिसतो.

समुद्रात?

चावेंग पूर्वेला आहे गं. तिथे सूर्य समुद्रातून वर येतो, मावळतो मागे डोंगरात. मला तेव्हा ठाऊक नव्हतं, नंतर पाहिलं मी. वेबसाइटवर चुकलं असेल म्हणतेस. असेल. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पावसाळा लागतो, लोक तेव्हा समुई सोडून दुसरीकडे जातात, हे एजंटने सांगितलं नाही? तिकीट कुणाचं आहे, कुठून जाताय—सोल, तैपेई? नाही, मी उलटतपासणी नाही घेत. चेहरा कशाला उतरला तुझा? पाणी देऊ?

संग्राम ऑफिसात आहे म्हणालीस ना मघाशी. मंगळवार आज, अकरा वाजलेत. मग तुझ्या गाडीत कोण आहे? या खिडकीतून माझा ड्राइव्ह वे दिसतो. सीट मागे पाडून झोपलाय, टोपी तोंडावर. बाहेर शंभर डिग्री आहे, इंजिन चालू ठेवून बसलाय की बंद? ...कितवा दिवस आहे, आश्लेषा? अगं माझ्यापासून काय लपवतेस, व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळतात, मग सामान बांधा, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कितवा?

एक्केचाळीस.

म्हणजे तुम्ही कुठेच जात नाही. दिवाळीला लोक विचारतील म्हणून पडदे ओढून घरात बसणार, आणि हा फराळ त्यासाठी. म्हणजे मेनामला कुणी जाणार नाही. मग मला बोलू का दिलंस एवढं? मघापासून मी तुझ्यापुढे घरातलं सगळं उपसतेय, तू मान हलवतेयस, काकू हो, काकू दाखवते फोटो—काय दाखवणार होतीस, कुणाला? मला वाटलं देवानेच पाठवली हिला. आठ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं.

रडू नकोस. नको म्हटलं ना, माझ्याकडे आता दुसऱ्याच्या रडण्याला जागा नाही. तू आत येताना गाडीपाशी त्याला काय म्हणालीस? थांब हं, दोनच मिनिटं? तेच ना? तो ओके म्हणाला ना? अगं बाई, ते ओके ऐकून घेऊ नकोस गं. पाया पडते तुझ्या, ते ओके खरं मानू नकोस. आणि हे सगळं मंडळात सांग. नको, लपवू नकोस, सांगच, काकूंचा निमिष फिरायला गेला नव्हता, वर खोलीत होता, मी सांगितलंय म्हणून सांग. माझ्याने होत नाही. मी किती वेळा फोन हातात घेतला.

नाही, डबे ठेव. ठेव खाली. तुझ्या हातात देणार नाही मी. त्याला पाठव न्यायला. गाडीतून उतरून, टोपी काढून, पुढच्या दाराने, समोरची शुभा खिडकीत असेल तर असू दे. बेल वाजवू दे त्याला. माझा चहा घेऊन जाऊ दे. बघतेस काय अशी? ऊठ. जा ना गं—तेल जळतंय माझं.