छापलेली वीणा

मंडळी, नाम घ्या, आणि मला सांगा — आपण खरे ठरलो, समोरचा तोंडघशी पडला, तर काय करायचं? हसायचं? बघा, मागची रांग आत्ताच हसली! ऐका, मंडळी, ऐका!

पिंपळदरीत केरबा सुतार नावाचा वीणेकरी होता. वीणा स्वतः घडवलेली, फणसाच्या लाकडाची! सप्ताहाचा नियम ठाऊक आहे ना? सात दिवस वीणा खाली टेकायची नाही. या गळ्यातून त्या गळ्यात!

यंदा देवळाचे पंच बापूराव घोगरे शहरातून नवी वीणा घेऊन आले. संगणकानं आखलेली, यंत्रानं प्लास्टिकमध्ये छापलेली! हो, लग्नपत्रिकेसारखी छापलेली! किंमत? बापूरावांच्या घरातसुद्धा अजून कुणी विचारायला धजलेलं नाही! जुनी वीणा त्यांनी परगावच्या देवळाला देऊनही टाकली.

केरबा म्हणाला, "बापूराव, ही हाताला बादलीसारखी लागतेय. टिकायची नाही."

"अरे, माणसाचा हातच लागलेला नाही हिला! चूक होईल कुठून?"

तिसरा दिवस. चैत्राचं ऊन, पत्र्याचा मांडव, भर दुपार. वीणा केरबाच्या गळ्यात. आणि वीणेची मान... हळूहळू... वाकायला लागली! शेवग्याच्या शेंगेसारखी! तारा सैल पडल्या — 'भ्याँव, भ्याँव'!

केरबाला आतून उकळी फुटली — मी म्हणालो होतो! नुसती खाली ठेवली की झालं, अख्खं गाव बघेल! समोर बापूराव, चेहरा पांढराफटक. पण खाली ठेवली की सप्ताह मोडला! काय केलं केरबानं? वाकला! मानेखाली खांदा दिला आणि नाचायला लागला! टाळकऱ्यांना वाटलं, नवी पावली — तेही वाकले! चाळीस माणसं वाकडी!

बापूरावांनी धावत येऊन माठ ओतला. वीणा गार झाली — आणि तश्शीच वाकडी कडक झाली! मग काय, उरलेले चार दिवस जो वीणेकरी येई, तो वाकूनच उभा. पाहुणे विचारायचे, "हा कोणता हो पंथ?"

समाप्तीला बापूराव खाली मान घालून आले. "केरबा, बोल. काय बोलायचं ते बोल."

केरबा कळवळून म्हणाला, "बोलतो कसला! आधी ही बाजू धरा, कंबर सरळ होईना माझी!" आणि बापूरावांनी धरली, आरती संपेपर्यंत.

मंडळी, आता घरी जाल. मालकांनी हट्टानं आणलेलं यंत्र बंद पडलेलं असेल, आणि बाईसाहेबांनी ते आधीच सांगितलेलं असेल! तेव्हा काय कराल? हात लावाल, की ऐकवाल?

का हो, कुणीच बोलत नाही? मग निदान देवाचं नाव तरी बोला!