नऊ दिवस पुढे

वहिनी : ...पडलं नाही, भिजलं नाही, तरी बिघडलंय. आज दहा तारीख, आणि हे एकोणीस दाखवतंय. उद्या ह्यांना दवाखान्यातून घरी सोडतायत. आल्या आल्या घड्याळ मागतील. काय सांगू मी?

घड्याळजी : आधी बसा. भिंग लावून बघतो. अरे वा. हे फक्त चित्रात पाहिलं होतं हो. हातात आज पहिल्यांदा घेतोय.

नणंद : बारा वर्षं नाव नोंदवून बसला होता दादा. वर्षाला पाच-सहाच बनवतात म्हणे. दोन महिन्यांपूर्वी आलं, आणि लगेच त्याच्या छातीत दुखायला लागलं.

वहिनी : घड्याळामुळे नाही दुखलं, वन्सं.

नणंद : मी कुठं तसं म्हणाले?

घड्याळजी : तारीख, वार, महिना, चंद्र, लीप वर्षसुद्धा हे आपलं आपण सांभाळतं. पण हे तर बंद आहे.

वहिनी : हेच बंद करून गेले. म्हणाले, चावी देऊ नकोस, तुला सवय नाही. रोज सकाळी पिनेनं ही कडेची कळ एकदा दाबायची, म्हणजे तारीख मागे पडणार नाही.

घड्याळजी : आणि दाबलीत?

वहिनी : एक दिवस चुकवला नाही. आंघोळ झाली की पहिलं ते.

घड्याळजी : तारीख बघत नव्हता?

वहिनी : मुंगीएवढे आकडे. चष्मा लावूनही दिसत नाहीत. कट्ट वाजलं की माझं समाधान. आज म्हटलं, उद्या हे येणार, भिंगातून बघू या. तर हे.

नणंद : वहिनी, तू दाबत होतीस?

वहिनी : म्हणजे?

नणंद : तू स्वयंपाकघरात गेलीस की मी दाबायचे. दादानंच सांगितलं होतं. म्हणाला, तुझ्या वहिनीच्या लक्षात राहायचं नाही, तू बघ. पण तिला बोलू नकोस, तिला राग येईल.

वहिनी : मला म्हणाले, वन्संना कळू देऊ नकोस, ती धांदरट आहे, उगाच हात लावेल.

(घड्याळजी भिंग काढून टेबलावर ठेवतो. त्याला हसू आवरत नाही.)

घड्याळजी : कधी दाखल केलं त्यांना?

नणंद : एक तारखेला.

घड्याळजी : दोन तारखेपासून आजपर्यंत नऊ दिवस. तुम्ही दोघी. नऊ दुणे अठरा. एक तारखेपुढे अठरा दिवस म्हणजे एकोणीस. बाई, घड्याळ ठणठणीत आहे. तुम्ही दाबलंत तितकंच ते चाललं.

वहिनी : खरं सांगताय ना?

घड्याळजी : अगदी खरं. फक्त ह्याला मागे नेता येत नाही. मागे न्यायचं तर उघडावं लागेल, आत साडेचारशे भाग. मी हात लावणार नाही. कारखान्यात पाठवा, सहा महिने विसरा.

नणंद : मग करायचं काय?

घड्याळजी : काही नाही. डबीत ठेवा. एकोणीस तारीख आपोआप येईल. त्या सकाळी चावी द्यायची, काटे लावायचे, झालं.

वहिनी : एवढंच?

घड्याळजी : एवढंच. तोवर कुणी कळ दाबू नका. दोघींना सांगतोय.

वहिनी : वन्सं, तुम्हाला वेडेपणा वाटेल. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती कळ दाबली, तेव्हा वाटलं, मी हे चुकवलं नाही तर ह्यांचा दिवसही चुकायचा नाही.

नणंद : मलाही तसंच वाटायचं, वहिनी. त्या दिवशी तर माझ्या हातून पिन तीनदा निसटली.

वहिनी : मग मला हाक मारायची.

नणंद : तुला राग आला असता ना.

वहिनी : घरी आले की बघतेच त्यांच्याकडे. धांदरट म्हणे.

नणंद : आत्ता नको ओरडूस. डॉक्टरांनी आठ दिवस पलंगावरून उठू नका म्हणून बजावलंय.

घड्याळजी : आठ दिवस? उद्या अकरा. म्हणजे एकोणीसलाच उठतील.

वहिनी : बरं झालं. दोघंही पडून राहतील शेजारी शेजारी.

घड्याळजी : आणि चावी? नीट शिकवून ठेवू का तुमच्यापैकी कुणाला?

वहिनी : नको. त्या दिवशी चावी तेच देतील.