दुसऱ्या हाताचा जोड

(भाट्याच्या वाळूवर मचव्याचं शीड सुकत घातलंय. दादू तांडेल आणि त्याची बायको राही.)

राही: हा जोड माझा नाही.

दादू: वीसेक जोड असतील शिडाला. सगळे आठवतात तुला?

राही: आठवतात. मी गाठ आत घेते. ही वर आहे. कुणी शिवला?

दादू: वेळणेश्वरात शिवून घेतला. वारा फिरला, शीड उभं फाटलं. जयगड गाठता येईना. आगबोटसुद्धा बंदरात थांबली नाही त्या दिवशी. काल सांगितलं ना सगळं.

राही: काल वारा सांगितलात. शिवणारी नाही सांगितलीत.

दादू: हौसा.

राही: सासूबाईंनी तुमच्यासाठी ठरवलेली, तीच ना?

दादू: बारा वर्षं झाली गो त्याला. तिला तीन पोरं आहेत. तिचा घरवाला होता तिथेच, त्यानेच मचवा ओढायला हात दिला.

राही: तीन दिवस मी या वाळूवर उभी. शेजारची लवूची आई म्हणाली, आता वाट बघू नको. आणि तुम्ही तिच्याकडे जेवत होता.

दादू: भात आणि सुका बांगडा.

राही: चांगला होता?

दादू: खारट होता.

राही: चार घास जास्त गेले असतील. कात्री द्या इकडे. तांडेलाच्या शिडाला घरच्या बाईचाच हात लागतो आपल्यात. उसवते.

दादू: पहाटेच्या भरतीला निघायचंय. मचव्यात कौलं भरून झालीत.

राही: मग थांबा एक दिवस.

दादू: तीही नकोच म्हणत होती. परक्या शिडाला सुई लावणार नाही म्हणाली. मीच गळ घातली. शेवटी तिने गाठ मुद्दाम वर ठेवली. म्हणाली, तुझ्या घरवालीला उसवायला सोपं जाईल.

राही: असं म्हणाली?

दादू: तसंच.

राही: वाईट तरी असायचं होतं तिने.

दादू: घे कात्री.

राही: जाडी झालीय का हो?

दादू: झालीय थोडी.

राही: हे खरं सांगताय?

दादू: नाही.

राही: ओढा बघू ते टोक. जोरात. अजून.

दादू: जोड हलत नाही.

राही: दक्षिणेला काळं दिसतंय सकाळपासून.

दादू: दिसतंय.

राही: ठेवा ती कात्री. परत आलात की उसवते.