बाल्कनीतला किल्ला

(नोएडा. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. रेवतीच्या तोंडाला नेब्युलायझरचा मास्क. तिचे वडील यतीन अजून घरी पोचलेले नाहीत.)

गुणवंत : वाफ नीट येतेय ना गं केतकी? धाप काही कमी दिसत नाही.

केतकी : येतेय, बाबा. तुम्ही आत येऊ नका, कपडे सगळे मातीचे आहेत.

गुणवंत : बदलतो. पण हॉस्पिटलला न्यायचं का? यतीन कुठवर आलाय?

केतकी : कॅबमध्ये अडकलाय. डॉक्टर म्हणाल्या, या वाफेनं श्वास मोकळा झाला नाही तर ताबडतोब घेऊन या. माती चाळायची काय गरज होती, बाबा? आधीच बाहेर हवा ही अशी.

गुणवंत : साताऱ्याला दिवाळीचा किल्ला करायचा म्हणजे आम्ही चाळूनच घेतो. खडे राहिले की बुरुजाला तडे जातात. नातीला दमा आहे हे माहीत होतं गं मला. वाटलं, रुमाल बांधला की झालं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

केतकी : निदान ती खोकायला लागल्यावर तरी थांबायचं.

गुणवंत : खोकलीच नाही. देवाशप्पथ.

रेवती : मी किचनमध्ये जाऊन खोकत होते, मम्मा.

केतकी : मास्क लाव आधी. किचनमध्ये कशाला?

रेवती : खोकला ऐकला की तू सगळं बंद करतेस. पार्क बंद केलंस, स्केटिंग पण.

केतकी : बोलू नकोस. मास्क.

गुणवंत : चूक माझीच आहे, तिला रागावू नकोस. गणपतीनंतर आलो ना, तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का?' आणि 'हां'. किल्ल्याचं काढलं, तर शाळेतून आली की थेट बाल्कनीत. बुरुज म्हणजे काय, तोफा कुठे ठेवायच्या, नुसते प्रश्न. मला हुरूपच आला. म्हातारा हावरट झाला म्हण.

केतकी : बाबा, जरा गप्प बसता? मला हिचा श्वास ऐकू द्या.

(केतकी रेवतीच्या छातीला कान लावते.)

केतकी : छातीतली शिट्टी कमी झालीय. खूपच कमी झालीय.

गुणवंत : नक्की ना? पुन्हा एकदा कान लाव.

केतकी : नक्की. बसा तुम्ही आता.

गुणवंत : माती भिजवून खाली बागेत टाकतो. ते एक सोपं आहे. पण उद्यापासून ही माझ्याशी बोलणार कशाला? मला दुसरं येतं काय? पत्ते येत नाहीत, ते मोबाइलमधले खेळ कळत नाहीत. हवा सुधारेपर्यंत साताऱ्याला जाऊन येतो, झालं.

रेवती : मम्मा, मशीन बंद झाली. काढू मास्क?

केतकी : काढ. हळू.

रेवती : आजोबा, कुठे चाललात?

गुणवंत : कपडे बदलायला, बाळा.

रेवती : मग या परत. काही बनवायचं नाही. असंच बसू.