लहान आकडा

सुमंगला : नाही मामांनू, परत मोजूया. तुमचे चौसष्ट झाले नि माझे सेहेचाळीस. एका पोरीच्या एका मिनिटाच्या श्वासांत एवढा फरक कसा पडेल?

सदाशिव : पडता गो. जेटीर रोज पडता. खाणीर गोपाळ खनिजाचे ट्रक मोजता, जेटीर मिया मोजतंय. ट्रक तेच, रस्तो तोच. तरी सांजच्याक त्येच्या पाटीर दोनशे दहा नि माझ्या पाटीर दोनशे चार. मगे काय भांडत बसाचा?

सुमंगला : मग काय करता?

सदाशिव : लहान आकडो धरतंव. एकवीस वर्सां झाली. मोठो धरलो की कोण तरी ओरडता. लहान धरलो की सगळे गप. मावशीक सेहेचाळीस सांग.

सुमंगला : मी मधेच चुकले असेन हो. ती खोकली, तेव्हा मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.

सदाशिव : माझाय चुकला असात. डोळे म्हातारे झाले. पोटार नदर ठेवलंय तर घड्याळाचो काटो दिसूक नाय. लाव फोन, वाट बघत असतली ती.

सुमंगला : लावते. हॅलो, मावशी? मी सुमंगला. मोजले.

चंद्रावती : मोठ्यानं बोल गो. धारगळच्या हायवेवर माझं दार, गाड्यांपुढे काही ऐकू येत नाही. किती झाले?

सुमंगला : सेहेचाळीस.

चंद्रावती : सेहेचाळीस. बरं. आठ महिन्यांच्या पोराचे पन्नासच्या आत असले तर थोडा दम धरता येतो. तीस वर्षं नर्सगिरीत हेच मोजत आले मी. ताप?

सुमंगला : अंग कढत लागतंय. तीन दिवस नाक गळतंय, कालपासून खोकला. छातीत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येतो.

चंद्रावती : घरात कोणाला सर्दी आहे?

सुमंगला : मामांना. आठवडा झाला. थांब, फोन मधे ठेवते, त्यांनाही ऐकू दे.

सदाशिव : सर्दी नाय ती, विहीणबायनू. माती ती. दीसभर ट्रकांची तांबडी माती नाकात जाता. सुर्ल्यात सगळ्यांची नाकां अशीच.

चंद्रावती : असं? म्हणजे सुर्ल्यात सर्दी कोणाला होतच नाही, मातीच शिंकते. नि परवा तुम्हाला ताप आला होता म्हणे, तोही मातीचाच?

सदाशिव : अंग जरा मोडून इला होता.

चंद्रावती : नि तसेच पोरीला घेऊन बसलात.

सदाशिव : माझ्या खांद्यारच निजता ता. दुसऱ्या कोणाकडे डोळो मिटणा नाय. नाव माझ्या बायलेचा, कमल, नि हट्टय तिचोच.

चंद्रावती : व्याहीबुवा, मोठ्याचं नाक गळतं, चार रुमाल भिजतात नि सुटतो तो. तीच सर्दी तान्ह्याच्या छातीत उतरली की वाटा बुजतात. भाताच्या काडीएवढ्या तर नळ्या त्यांच्या. सुमंगला, जनेलं उघडी आहेत ना?

सुमंगला : मामांनी बंद केलीत. माती येते म्हणून. आणि... ओव्याची धुरी दिलीय.

चंद्रावती : धुरी? बंद खोलीत? आधी ती विझवा. निखाऱ्यावर पाणी ओता नि मागचं जनेल उघडा.

सदाशिव : विझवलंय. उघडलंय. विझवलंय बघा.

चंद्रावती : दूध पिते का?

सुमंगला : तोंड लावते नि लगेच सोडते, दम लागल्यासारखी. दुपारी कुलेरीनं, चमचा चमचा करून दिलं, तेही ओकली.

चंद्रावती : दूध ओढता येत नाही नि श्वास सेहेचाळीस? हे मला जुळत नाही. मोजले कोणी?

सुमंगला : दोघांनी.

चंद्रावती : दोघांचे सेहेचाळीसच आले?

सुमंगला : थांब मावशी, तिला जरा उचलून घेते.

चंद्रावती : अगो बोल! आधी आकडे सांग.

सुमंगला : माझे सेहेचाळीस. मामांचे चौसष्ट.

चंद्रावती : चौसष्ट! मग मला सेहेचाळीस का सांगितलेस?

सदाशिव : मिया सांगलंय तिका. आमच्याकडे लहान आकडो धरतत.

चंद्रावती : कुठे तुमच्याकडे?

सदाशिव : जेटीर.

चंद्रावती : देवा रे. व्याहीबुवा, ट्रक कमी लिहिला तर कोणाची तरी खेप बुडते. पोरीचा श्वास कमी लिहिला तर... सुमंगला, तिचं झबलं वर कर. श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडतो?

सुमंगला : पडतो. मावशी, वाटीएवढा खोल पडतो. नाकपुड्या पण हलताहेत. मामांनू, ओठ बघा तिचे, जांभळे दिसतात की मलाच तसं...

सदाशिव : जांभळेच असत.

चंद्रावती : आता मोजणं पुरे. निघा. सरळ डिचोलीच्या इस्पितळात. दत्ताराम कुठे आहे?

सुमंगला : हे ट्रक घेऊन रांगेत अडकलेत. शेजारी रघुनाथची व्हॅन आहे, पण जायचं कुठून? घरासमोरून जेटीपर्यंत ट्रकच ट्रक. परवा एका लग्नाच्या नवऱ्यामुलाची गाडी दोन तास उभी होती.

सदाशिव : रस्तो मिया करतंय. तू चेडवाक घे.

चंद्रावती : आडवी धरू नको गो, उभी धर, छातीशी. तोंडावर पदर नको. नि फोन बंद करू नको.

सदाशिव : रघुनाथ, काड रे व्हॅन! ओ पिवळ्या कॅबिनवाल्या, मागे घे! तू रे, गटारात गेलंस तरी चलात, बाजूक घे! चेडू असा गाडयेत, चेडू! आजची एक खेप कोणाची बुडाची नाय, सगळ्यांची मिया लिवतलंय! घे मागे!

सुमंगला : मावशी, ती रडत नाहीय.

चंद्रावती : मघाशी रडत होती?

सुमंगला : मघाशी कण्हत तरी होती. आता डोळे मिटतेय. कमल! कमल, बघ ना गो माझ्याकडे!

चंद्रावती : तळपायाला टिचकी मार. जोरात. लागू दे तिला.

सुमंगला : हलली. मावशी, पाय ओढला तिनं.

सदाशिव : रड गो माझे बाय. आज्याक शिव्या घाल नि रड. रघुनाथ, हॉर्नार हात ठेव तो काडू नको.

चंद्रावती : कुठे पोचलात?

सदाशिव : सुर्ला सोडला. फुडे रस्तो मोकळो असा.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डात. चंद्रावती धारगळहून आली आहे.)

चंद्रावती : आत या की. दारात उभे राहून पाय मोडले असतील.

सदाशिव : मिया हयच बरो.

चंद्रावती : तोंडाला रुमाल बांधलाय ना? मग या. हात धुऊन या.

सदाशिव : नको विहीणबायनू. माझ्याच नाकातला गेला तेच्या छातीत.

चंद्रावती : म्हणजे माती नव्हे?

सदाशिव : माती नाय.

सुमंगला : मावशी, ऑक्सिजनची नळी कधी काढतील गो?

चंद्रावती : आज नाही. डॉक्टर म्हणाले ना, अजून दोन दिवस सांगता येत नाही. उतरलं म्हणता म्हणता परत चढतं. तासातासाला मोजून ह्या कागदावर लिहायचं, नि पन्नासच्या वर गेलं की लगेच हाक मारायची. बसा व्याहीबुवा, मी घड्याळ धरते. तुम्ही दोघं मोजा.

सदाशिव : सुमंगला मोजतली. माझी मोजणी नको.

चंद्रावती : काल तुमचीच बरोबर होती.

सदाशिव : तरी लहान आकडो मियाच धरलंय.

चंद्रावती : एकवीस वर्षं मोजता नि स्वतःच्याच आकड्यावर विश्वास नाही. या. झबलं वर केलंय. मोठ्यानं मोजू नका, मनात मोजा. हां, आता.

...

चंद्रावती : झालं. सुमंगला?

सुमंगला : अठ्ठेचाळीस. पन्नासच्या आत आहे ना गो मावशी? आत आहे ना?

चंद्रावती : व्याहीबुवा?

सदाशिव : बावन.

सुमंगला : मामांनू, नक्की?

चंद्रावती : काय लिहू?

सदाशिव : बावन लिवा. मिया डॉक्टराक हाक मारतंय.