चार बोटांची फट

(जावा बेटावरचं वोनोसारीजवळचं एक गाव. सकाळचं अंगण. म्हातारा लेगिमन बांबूच्या कामट्यांचा लांबट सांगाडा बांधतो आहे. जोग्या शहरातून आलेली त्याची थोरली बहीण सुवार्नी, घरच्यांची ‘म्बाक’ म्हणजे ताई, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून देते आहे.)

लेगिमन : एवढी रुंद नको, म्बाक. बोटभर पुरे. ट्यूब ताणली की धरते, रुंदीनं नाही धरत.

सुवार्नी : चाळीस वर्षं पोरं शिकवली मी. आता तू मला शिकव.

लेगिमन : पोरांचं काय, कशीही बांधली तरी सुटून जातात. कोंबडी सुटली नाही पाहिजे.

सुवार्नी : हे कोंबड्यांचं की तुझ्या नातीचं, ते तरी ठरव आधी.

लेगिमन : उद्या लारासचं, परवापासून कोंबड्यांचं. पोरगा म्हणाला, सजवलेलं डालगं भाड्यानं आणू. मी म्हटलं, पोर उद्या पहिल्यांदा मातीला पाय लावणार, अन् बसणार प्लॅस्टिकच्या फुलांत? बांबू आपल्याच बनातला. जाळी भातावर पाखरांसाठी टाकायचो तीच. ट्यूबा सायकलवाल्यानं फेकलेल्या. अन् छपराला निवडणुकीचं फ्लेक्स.

तुमियेम : (लेगिमनची बायको, चहा घेऊन येत) चहा घ्या, म्बाक. आणि तुमच्या भावाला सांगा, फ्लेक्सवरचं ते थोबाड आतल्या बाजूला नको. नात दचकेल.

लेगिमन : अगं, पाच वर्षांत त्यानं गावाला दिली ती एवढीच सावली. राहू दे की.

तुमियेम : कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील. सरका, उचलून बघू दे मला. मागलं खुराडं लाकडाचं केलं या माणसानं, म्बाक. रोज हलवून हलवून बायकोची कंबर गेली, तेव्हा याला बांबू सुचला. अगं बाई! सुपाएवढं हलकं आहे हे!

लेगिमन : उचलायचंच नाही ते. ओढायचं. खालचे दोन बांबू पुढून वर वळवलेत, मातीत रुतत नाहीत. रोज त्याच्या लांबीएवढं पुढं न्यायचं. कोंबड्या उकरणार, खाणार, घाण करणार. मागं राहील त्या मातीत तू मिरची लाव.

तुमियेम : आणि ओढायचं कोंबडीच्या चालीनं, आपल्या नाही. मागच्या कडेखाली पाय सापडतो बिचारीचा. चला, उद्याच्या विधीचा माझा सात रंगांचा भात अजून एकाच रंगाचा आहे. म्बाक, तो चहा थंड करू नका.

सुवार्नी : गेली हसत. नशीबवान आहेस.

लेगिमन : कंबर दुखत नसली की हसते. ते गाणं येतं का गं तुला अजून? उद्या बायकांना कुणीतरी सुरुवात करून द्यायला हवी.

सुवार्नी : कुठलं?

लेगिमन : ‘बांबूच्या महालात, तान्हं माझं गं रांगतं... हाती जे गं येईल, तेच पुढचं सांगतं.’ आई म्हणायची की.

सुवार्नी : येतं.

लेगिमन : मग तूच म्हण. आणि आत वस्तू मांडायच्याही तूच. घरात शिकलेली तू, वडीलधारी तू. वही, आरसा, फणी, कापूस, भाताची लोंबी. तुझ्या हातची वही लारासनं धरली तर सोनंच की.

सुवार्नी : ही फट बांधायची राहिली रे. नाहीतर राहू दे, चारच बोटं आहे. पिल्लू थोडंच बाहेर पडतंय त्यातून.

लेगिमन : पिल्लू बाहेर पडण्याची भीती नाहीच, म्बाक. बाहेरचा हात आत जातो. मागच्या उसातून उदमांजर येतं ना, ते आत शिरत नाही. नुसता पंजा घालतं. सकाळी बघावं तर खुराडं जसंच्या तसं, आणि आतलं एक पिल्लू गेलेलं. दे पट्टी. म्बाक? पट्टी दे. बोट कापलं का?

सुवार्नी : तुझ्या वेळच्या डालग्यालाही अशीच फट होती.

लेगिमन : मला काय ठाऊक! आठ महिन्यांचा होतो मी.

सुवार्नी : मी आठ वर्षांची होते. आत ठेवायला घरात वही एकच होती, लेगिमन. माझी. बापानं ती माझ्या पिशवीतून काढून ठेवली. तू दुसऱ्या कशाकडे बघितलं नाहीस. लाळ गाळत सरळ वहीकडे निघालास. बायका गात होत्या, सगळ्यांचं लक्ष आईकडे. मी फटीतून हात घातला आणि वही ओढली. हातभर. तुझ्या हाताखाली लोंबी आली.

लेगिमन : हं. पोरखेळ.

सुवार्नी : चौथीनंतर बापानं तुला काय सांगितलं?

लेगिमन : तुला माहीत आहे.

सुवार्नी : तुझ्या तोंडून ऐकू दे.

लेगिमन : म्हणाला, घरातून एकालाच शिकवणं झेपतं. तुझी बहीण मास्तरणी व्हायच्या शाळेत शेवटच्या वर्षाला आहे. आणि लेका, तू लोंबी धरलीस. माती तुझी.

सुवार्नी : त्या वर्षीच्या सुट्टीनंतर माझी पेटी डोक्यावर घेऊन बसपर्यंत तूच आलास.

लेगिमन : आलो. रडलो का? नाही. कारण मला कुणी ढकललं नव्हतं. मीच धरली होती लोंबी. पीक करपलं त्या वर्षीसुद्धा बांधावर बसून मनाशी म्हटलं, लेगिमन, हात तुझाच होता. एवढ्या एका गोष्टीवर मी आजवर सुखानं झोपत आलो, म्बाक.

सुवार्नी : म्हणूनच बोलले नाही रे. आई गेली तेव्हा ओठांवर आलं होतं. तुझ्या लग्नात आलं होतं.

लेगिमन : मग आज कशाला बोललीस?

सुवार्नी : उद्या वस्तू मांडायला सांगतोस. हेच हात घेऊन कशी मांडू?

लेगिमन : म्हणजे तुझं मन हलकं व्हावं म्हणून.

सुवार्नी : हो. तसंच असेल.

लेगिमन : वही का ओढलीस पण?

सुवार्नी : दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

लेगिमन : परीक्षा.

सुवार्नी : नव्हती. परीक्षा नव्हती. तू ती चावली असतीस, फाडली असतीस. मला ती द्यायची नव्हती, एवढंच.

लेगिमन : काय होतं त्यात?

सुवार्नी : एक बदक काढलेलं. खाली माझं नाव, पाच वेळा लिहिलेलं.

लेगिमन : पाच वेळा.

तुमियेम : (आतून) चहाचं पाणी झालं असेल आता! प्यायचा की कोंबड्यांना घालायचा?

लेगिमन : पितोय गं!

सुवार्नी : मी दुपारच्या बसनं जाते, लेगिमन. लारासला नंतर कधी बघेन.

लेगिमन : पट्टी दे.

सुवार्नी : ऐकतोयस ना?

लेगिमन : बोटभर रुंद. हां, अशी. आणि भिंतीजवळची ती उरलेली जाळी आण इकडे. वस्तू मी मांडतो उद्या. तू गाणं म्हण.

सुवार्नी : जाळी कशाला? ही बाजू तर झाली बांधून.

लेगिमन : दुहेरी करू. बोटसुद्धा जायला नको.

सुवार्नी : उदमांजर मागच्या उसातून येतं म्हणालास ना? ही तर अंगणाची बाजू.

लेगिमन : तू बसणार आहेस इथं. लारासच्या अगदी जवळ.